अकरा कोऱ्या जागा

५ फेब्रुवारी १९५८ रोजी वेल्समधील कार्डिफ शहरात इस्राएल आणि वेल्स यांच्यात फुटबॉलचा सामना झाला. त्या वर्षीच्या विश्वचषकाला यांपैकी कोणी जायचे याचा निर्णय त्या सामन्यात व्हायचा होता. तुर्कस्तान, इंडोनेशिया आणि सुदान या देशांनी इस्राएलविरुद्ध खेळण्याचे नाकारले होते. पात्रतेचा एकही सामना न खेळता कोणाला विश्वचषकात प्रवेश देणे जागतिक संघटनेस योग्य वाटले नाही, म्हणून चिठ्ठ्या टाकण्यात आल्या व वेल्सचे नाव निघाले. जानेवारीत रामत गान येथे आपण २–० असे हरलो होतो. कार्डिफलाही निकाल तोच लागला, जरी आपला गोलरक्षक याकोव्ह होडोरोव्ह त्या दिवशी शर्थीने खेळला.

हा सामना आज बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे, आणि खेळ म्हणून त्यात लक्षात ठेवण्यासारखे फारसे नाहीही. परंतु इंग्लंडमधील एका नामांकित क्लबच्या इतिहासात त्याला मोठे स्थान आहे. वेल्स संघाचे व्यवस्थापक जिमी मर्फी हे मँचेस्टर युनायटेड या क्लबचे उपव्यवस्थापक होते, आणि तेथील कुमार व राखीव संघांची घडण मुख्यतः त्यांच्या हातची होती. त्याच दिवशी त्यांचा क्लब बेलग्रेड येथे खेळत होता. तुमची जागा आज तुमच्या देशाच्या संघाजवळ आहे, असे सांगून व्यवस्थापक मॅट बझ्बी यांनी त्यांना मागे ठेवले. दुसऱ्या दिवशी, ६ फेब्रुवारीला, बेलग्रेडहून परतणाऱ्या विमानाला म्युनिक येथे अपघात झाला. मर्फी एरवी बझ्बींच्या शेजारी बसत. त्या दिवशी ती जागा प्रशिक्षक बर्ट व्हॉली यांनी घेतली होती, असे सांगतात. व्हॉली त्या अपघातात मरण पावले.

पुढच्या तेरा दिवसांत काय घडले हे समजण्यासाठी वीस-पंचवीस वर्षे मागे जावे लागते.

१९३१ साली मँचेस्टर युनायटेड हा जवळजवळ बुडालेला क्लब होता. आदल्या मोसमात पहिले बारा सामने ओळीने हरून तो दुसऱ्या श्रेणीत घसरला होता, आणि नाताळच्या तोंडावर खेळाडूंचे पगार द्यायला तिजोरीत पैसे नव्हते. जेम्स गिब्सन नावाच्या कापड व्यवसायातील गृहस्थांनी दोन हजार पौंड घालून तो सावरला. क्लब वाचवणारे धनिक पुष्कळ असतात, पण गिब्सन यांना पुढचेही दिसत होते. दरवर्षी बाहेरून खेळाडू विकत घेण्यापेक्षा मँचेस्टर परिसरातील मुलेच तयार करावीत, असे त्यांचे मत होते. क्लबचे चिटणीस वॉल्टर क्रिकमर यांच्या साहाय्याने १९३८ मध्ये त्यांनी मँचेस्टर युनायटेड ज्युनिअर ॲथलेटिक क्लब सुरू केला. शाळा सोडलेल्या मुलांना एकत्र आणून, शिकवून, टप्प्याटप्प्याने वरच्या संघाकडे नेणारी ही एक प्रकारची शाळाच होती. लगेच महायुद्ध सुरू झाले. मार्च १९४१ च्या बाँबहल्ल्यात ओल्ड ट्रॅफर्ड मैदान उद्ध्वस्त झाले आणि १९४९ पर्यंत क्लबला आपले सामने शेजारच्या प्रतिस्पर्ध्याच्या, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मैदानावर खेळावे लागले. मैदान नव्हते, पैसा नव्हता, पण गिब्सन यांनी लावलेले रोप टिकून राहिले.

१९४५ मध्ये बझ्बी आले. त्यांनी पहिला जो माणूस निवडला तो मर्फी. इटलीत बारी येथे सैनिकांच्या एका मेळाव्यात मर्फींना बोलताना त्यांनी ऐकले होते आणि तेवढ्यावरच मनाशी ठरवले होते. मर्फींना प्रथम काम मिळाले ते राखीव संघाचे. खेळाडूंच्या दृष्टीने राखीव संघ म्हणजे ताटकळण्याची खोली. वरच्या संघात कोणी जखमी झाला तर बोलावणे येणार, नाही तर शनिवारी तुरळक प्रेक्षकांपुढे खेळून घरी जाणार. मर्फींनी या संघाला स्वतःचा स्वाभिमान दिला. १९४६–४७ मध्ये त्यांच्या मुलांनी उत्तरेकडील राखीव संघांची सेंट्रल लीग जिंकली. तरीही यातला एकही आजच वरच्या संघात घेण्यायोग्य नाही, असे त्यांनी बझ्बींना स्पष्ट सांगितल्याचे नमूद आहे. शिक्षकी पेशातल्या माणसाला या उत्तराचे मोल कळेल. स्वतःचा वर्ग पहिला आला असताना असे बोलण्यास फार मोठा प्रामाणिकपणा लागतो.

त्यानंतर दोघांनी मिळून आणखी लहान मुलांकडे मोर्चा वळवला. त्या काळी पंधराव्या वर्षी शाळा सोडता येई, परंतु सतराव्या वर्षापर्यंत खेळाडू म्हणून पगारी करार करता येत नसे. मधली दोन वर्षे मुले क्लबच्या मैदानावर झाडलोट करीत, वरिष्ठांचे बूट पुसत, क्लबने ठरवून दिलेल्या घरगुती खानावळीत राहत आणि खेळत. ज्यांच्यात गुण दिसत त्यांची जादा तालीम मर्फी घेत, बहुधा रविवारी सकाळी. बॉबी चार्लटन या खाण कामगाराच्या मुलाला लांब, डोळे दिपवणारे फटके मारण्याची हौस होती. जवळच्या सहकाऱ्याला साधा पास देणे हे त्याच्या अंगी बाणवण्यासाठी मर्फींनी तासन् तास खर्च केले, आणि चार्लटनने पुढे जन्मभर ते ऋण मान्य केले.

१९५२–५३ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने कुमारांसाठी चषक सुरू केला. युनायटेडच्या मुलांनी पहिल्या अंतिम फेरीत वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सचा दोन सामने मिळून ९–३ असा धुव्वा उडवला आणि १९५७ पर्यंत ओळीने पाच वर्षे तो चषक दुसऱ्या कोणाला मिळू दिला नाही. डडलीचा डंकन एडवर्ड्‌स याच शाळेतला. १९५३ च्या एप्रिलमध्ये, सोळा वर्षांचा असताना, तो वरिष्ठ संघातून खेळला. २ एप्रिल १९५५ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून स्कॉटलंडविरुद्ध मैदानात उतरला, आणि त्याच मोसमाच्या शेवटी पुन्हा कुमारांच्या अंतिम सामन्यात खेळला! राष्ट्रीय खेळाडूने मुलांच्यात खेळावे यावर टीकाही झाली. मला ती टीका अगदीच निराधार वाटत नाही.

या यशामागे केवळ शिकवण होती असे म्हटल्यास ते अर्धसत्य होईल. इंग्लंडमध्ये तेव्हा खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा होती. १९५८ साली ती वाढून आठवड्याला २० पौंड झाली आणि १९६१ मध्ये रद्द झाली. शिवाय क्लबच्या संमतीवाचून खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. मुलगा एकदा घडवला की दुसरा क्लब अधिक पैसे दाखवून त्याला पळवू शकत नव्हता. बझ्बी-मर्फींची शाळा या कुंपणाच्या आत वाढली. कुंपण खेळाडूंवर अन्याय करणारे होते, यात शंका नाही. पण त्याच्याशिवाय एवढी रोपे एका वाफ्यात राहिली नसती. १९५५–५६ मध्ये युनायटेडने लीग जिंकली तेव्हा संघाचे सरासरी वय सुमारे बावीस होते, आणि बाहेरून विकत घेतलेले खेळाडू मोजके होते. पुढच्या वर्षी लीग पुन्हा त्यांचीच झाली.

मात्र एवढी मुले घडली की सगळ्यांना जागा कोठून मिळणार? जेफ बेंट हा सॅलफर्डचा मुलगा. डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून दुसऱ्या कोणत्याही क्लबात त्याचे स्थान पक्के झाले असते. युनायटेडमध्ये त्या जागेवर कर्णधार रॉजर बर्न होता. त्यामुळे बेंटच्या वाट्याला वरिष्ठ संघाचे सगळे मिळून बारा सामने आले. बेलग्रेडच्या वेळी बर्नला थोडी दुखापत होती, म्हणून ऐन वेळी बेंटला बरोबर घेतले. बर्न बरा झाला आणि खेळला. सामना चालू असताना खेळाडू बदलण्याची सोय तेव्हा नव्हती, तेव्हा बेंट बाहेर बसून होता. सामना ३–३ असा बरोबरीत सुटला आणि आधीच्या विजयाच्या जोरावर युनायटेड युरोपीय चषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचले.

म्युनिकला विमान इंधनासाठी थांबले होते. बर्फ पडत होता. दोनदा उड्डाणाचा प्रयत्न सोडून द्यावा लागला. तिसऱ्या वेळी धावपट्टीच्या टोकाकडील पाणचट बर्फामुळे विमानाचा वेग कमी झाला आणि ते कुंपण तोडून पलीकडच्या घरावर आदळले. एकूण तेवीस माणसे गेली. त्यांत आठ खेळाडू होते: बर्न, बेंट, एडी कोलमन, मार्क जोन्स, डेव्हिड पेग, टॉमी टेलर, लिअम व्हेलन आणि पंधरा दिवस मृत्यूशी झुंजून २१ फेब्रुवारीला गेलेला एडवर्ड्‌स. एडवर्ड्‌स आणि कोलमन अवघे एकवीस वर्षांचे होते. आठांपैकी टेलर सोडल्यास बाकी सारे क्लबच्या स्वतःच्या शाळेतले. गिब्सन यांच्याबरोबर ती शाळा सुरू करणारे क्रिकमरही त्याच विमानात होते, आणि तेही गेले. मृतांत आपल्या धर्माचेही दोघे होते: डेली एक्सप्रेसचे क्रीडावार्ताहर हेन्री रोझ व क्लबचे स्नेही विली सॅटिनॉफ.

कार्डिफहून परतलेले मर्फी ओल्ड ट्रॅफर्डवर पोहोचले तेव्हा त्यांना ही वार्ता कळली. बझ्बी म्युनिकच्या रुग्णालयात प्राणवायूवर होते. क्लबमध्ये व्यवस्थापक नव्हता, चिटणीस नव्हता, प्रशिक्षक नव्हते. होते ते मर्फी आणि मागे राहिलेली राखीव मुले. ८ फेब्रुवारीचा लीगचा सामना पुढे ढकलला गेला. चषकाचा शेफील्ड वेन्सडेविरुद्धचा सामनाही काही दिवसांनीच, १९ फेब्रुवारीला ठेवला गेला. मर्फींनी मुलांना शहरातल्या शोकापासून दूर, ब्लॅकपूलच्या एका हॉटेलात नेऊन ठेवले. एकीकडे अंत्ययात्रा चालू होत्या आणि दुसरीकडे संघ जुळवायचा होता.

त्या सामन्याची कार्यक्रमपत्रिका आजही छायाचित्रांतून पाहायला मिळते. युनायटेडच्या संघाखाली अकरा कोऱ्या जागा आहेत. छापखान्यात पाठवायला नावेच नव्हती. सुमारे साठ हजार लोक जमले आणि ध्वनिक्षेपकावरून सांगितलेली नावे त्यांनी आपापल्या हाताने लिहून घेतली.

त्या अकरांपैकी गोलरक्षक हॅरी ग्रेग व बिल फोक्स हे दोघे अपघातातून वाचलेले होते. एर्नी टेलर यांना ब्लॅकपूल क्लबाकडून घेतले होते. स्टॅन क्राउदर यांचा करार तर सामन्याआधी तासाभरावर झाला. त्याच चषकात ते दुसऱ्या क्लबाकडून खेळले असूनही संघटनेने खास परवानगी दिली. उरलेले सात राखीव संघाच्या तालमीत वाढलेले होते: ग्रीव्ह्ज, गुडविन, कोप, वेब्स्टर, डॉसन, पिअर्सन आणि ब्रेनन. ब्रेनन व पिअर्सन यांचा वरिष्ठ संघातला हा पहिलाच सामना. ॲलेक्स डॉसनला अठरा वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस होते. डावीकडे पुढे खेळायला पेग उरला नव्हता, म्हणून शे ब्रेननला तेथे उभे केले. त्याने दोन गोल केले, त्यांतला पहिला कोपऱ्यावरून मारलेला चेंडू थेट आत जाऊन झाला. तिसरा गोल डॉसनचा. युनायटेडने सामना ३–० असा जिंकला.

पुढची हकिकत मात्र सांगताना सांभाळून सांगावी लागते, कारण दंतकथेला ३–० इथेच थांबणे आवडते. चषकाच्या उपांत्य फेरीच्या फेरसामन्यात डॉसनने फुलहॅमविरुद्ध तीन गोल केले आणि युनायटेड अंतिम सामन्यास पोहोचले, हे खरे. तेथे बोल्टनने त्यांना २–० हरवले. लीगमधील उरलेल्या चौदा सामन्यांपैकी ते फक्त एक जिंकले. युरोपीय चषकात घरच्या मैदानावर मिलानला हरवून परक्या मैदानावर ४–० असे हरले. कुमारांच्या चषकावरही त्या वर्षी वुल्व्हरहॅम्प्टनचे नाव लागले. सतरा-अठरा वर्षांची मुले एका रात्री डोंगर उचलतात, पण रोज उचलू शकत नाहीत. आंबा अढीत घालून दिवस मोजावे लागतात, आणि त्या वसंतात मर्फींना ते दिवस मिळाले नाहीत. याच उन्हाळ्यात ते वेल्सला घेऊन स्वीडनला गेले. विश्वचषकाच्या उपउपांत्य सामन्यात ब्राझीलच्या सतरा वर्षांच्या पेलेने केलेल्या एकुलत्या एका गोलाने वेल्स हरले.

बझ्बी बरे होऊन परतले आणि दोघांनी शाळा पुन्हा भरवली. १९६४ मध्ये कुमारांचा चषक परत आला. त्या संघात बेलफास्टचा जॉर्ज बेस्ट होता. २९ मे १९६८ रोजी वेंबली येथे युनायटेडने बेन्फिकाला ४–१ असे हरवून युरोपीय चषक जिंकला, तेव्हा मैदानावरील अकरांपैकी आठ जण क्लबच्या कुमार व राखीव संघांतून वर आलेले होते. नंतर पडता काळ आला. १९७४ साली क्लब दुसऱ्या श्रेणीतही गेला. १९९२ मध्ये एरिक हॅरिसन यांच्या हाताखालील बेकहॅम, गिग्ज, बट, नेव्हिल या मुलांनी कुमारांचा चषक जिंकून जुन्या दिवसांची आठवण करून दिली. ती कथा सर्वश्रुत आहे. ३० ऑक्टोबर १९३७ पासून प्रत्येक सामन्याच्या चमूत स्वतःच्या शाळेतला निदान एक तरी खेळाडू ठेवण्याची क्लबची परंपरा १५ डिसेंबर २०१९ रोजी चार हजाराव्या सामन्यापर्यंत पोहोचली. या गणतीत केवळ राखीव म्हणून बाकावर बसलेलेही धरतात, पण बेंटचा विचार केला तर ते धरणे उचितच म्हणावे लागेल.

मर्फी १९८९ मध्ये वारले. क्लबच्या उत्कृष्ट कुमार खेळाडूला दरवर्षी त्यांच्या नावाचा पुरस्कार देतात, आणि २०२३ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डबाहेर त्यांचा पुतळा उभा राहिला. १९ फेब्रुवारीच्या मुलांपैकी डॉसनने युनायटेडसाठी ९३ सामन्यांत ५४ गोल केले. १९६१ मध्ये त्याला प्रेस्टन क्लबास विकण्यात आले, आणि १९६४ च्या चषकाच्या अंतिम सामन्यात प्रेस्टनकडून त्याने एक गोल केला, पण प्रेस्टन ३–२ असे हरले. पिअर्सन १९६३ मध्ये शेफील्ड वेन्सडेकडे गेला, ज्यांच्याविरुद्ध तो त्या रात्री प्रथम खेळला होता. त्या रात्रीच्या अकरांपैकी दोघेच दहा वर्षांनी वेंबलीवर होते: एक फोक्स, आणि दुसरा ब्रेनन, आता मागे खेळणारा.