पंखांची उजळणी

तानसा तलावाच्या काठी उंच झाडावर घारीचं घरटं असलं, की उन्हाळ्यात एक खटाटोप बघायला मिळतो. पिलू घरट्याच्या कडेला येतं, पंख पसरून जोरजोरात फडफडवतं, पण उडत नाही. पंख मिटतं, दम खातं, पुन्हा फडफडवतं. या खटाटोपाला चिनी भाषेत स्वतःचं अक्षरचिन्ह आहे आणि कन्फ्यूशियसच्या वचनांचा ‘लुन-यू’ हा संग्रह उघडला की पहिल्याच वाक्यात ते भेटतं.

शिकलेलं वेळोवेळी घोटण्यात सुख आहे, असा त्या वाक्याचा आशय. ‘घोटणे’ असं मी म्हटलं, तिथे मूळ शब्द आहे ‘शी’. त्याच्या चिन्हात वरच्या अंगाला पिसं आहेत. इ. स. 100 च्या सुमारास शू शेन याने रचलेल्या कोशात त्याचा अर्थ पुन्हापुन्हा उडणं असाच दिलेला आहे.

आता आपला ‘अभ्यास’ पाहा. अभि आणि अस्. हा अस् म्हणजे ‘असणे’ नव्हे, ‘फेकणे’. एकाच दिशेने पुन्हापुन्हा फेकत राहणं, म्हणजे धनुर्धराची साधना. तिकडे पंख, इकडे बाण; पुनरावृत्ती दोन्हीकडे. ‘शिकणे’ तर त्याहून हळवा शब्द आहे. संस्कृत ‘शक्’ म्हणजे जमणे, आणि जमावं अशी इच्छा धरणं म्हणजे ‘शिक्ष्’. त्यातूनच ‘शिकणे’ आलं आणि ‘शिक्षा’ही. आज मराठीत शिक्षा म्हणजे फक्त दंड. जमावंसं वाटणं या अर्थाचा शब्द छडीच्या बाजूला जाऊन बसला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सुदैवाने आपण ‘अभ्यासाची गोडी’ही म्हणतो, आणि गोड व गूळ ही एकाच घरची भावंडं.

ही गोडी साठीनंतरही लागते, हे पाहायचं तर शहापूर ओलांडून मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाची गोष्ट ऐकावी. 8 मार्च 2016 रोजी तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. पुढाकार जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांचा. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगडं नेसून, दप्तर घेऊन दुपारी शाळेत यायच्या. आपल्यालाही वाचता यावं, ही इच्छा त्यांचीच होती. शक् धातूची ती इच्छा इतकी स्वच्छ मला दुसरीकडे क्वचितच दिसली आहे. इथे परीक्षेचा धाक नव्हता, नोकरीचं आमिष नव्हतं.

आणि करायचं काय? गिरवायचं. ‘गिरवणे’ हा माझा फार लाडका शब्द. दुसऱ्याने काढून दिलेल्या रेघेवरून आपली पेन्सिल फिरवायची, ती रेघ आपली होईपर्यंत. ‘शी’चा मराठी प्रतिशब्द मला विचाराल, तर मी ‘अभ्यास’ सांगणार नाही, ‘गिरवणे’ सांगेन. ज्या बोटांनी जन्मभर भाताची आवणी केली, विळा धरला, त्या बोटांना ‘क’ची गाठ वळवणं सोपं नसतं. हात थरथरतो, रेघ सुटते, पाटी पुसली जाते. घारीच्या पिलाचं दुसरं काय चाललेलं असतं?

लुन-यूच्या त्या पहिल्या वाक्यातल्या ‘वेळोवेळी’वर भाष्यकारांत मतभेद आहेत. बाराव्या शतकातला झू शी त्याचा अर्थ सतत, नेहमी असा लावतो. दुसरे काही म्हणतात, योग्य वेळी. आवणीचे दिवस ठाऊक असलेल्या माणसाला दुसरा अर्थ लवकर पटतो. रोप तयार असावं लागतं, चिखल तयार असावा लागतो. आज्यांच्या आयुष्यात तशी वेळ लहानपणी आली नाही, म्हातारपणी आली. घरची कामं आटोपल्यावरची दुपार ही त्यांची वेळ.

राहिला शेवटचा शब्द, सुखाचा. लुन-यूच्या त्या वाक्यात सुखासाठी जे चिन्ह लिहिलेलं आहे, ते आजच्या चिनी भाषेत बोलणे, सांगणे या अर्थाने चालतं. उच्चार वेगळा, चिन्ह तेच, आणि त्याच्या डाव्या अंगाला वाणीची खूण. म्हणून ते वाक्य डोळ्यांपुढे आलं, की मला फांगण्याचा तो वर्गच आठवतो: पाटीवर बोट ठेवून, सगळ्याजणी एका सुरात, मोठमोठ्याने मुळाक्षरं म्हणताना.