सेंटिनेल-२ उपग्रह : शेताचा नकाशा कसा तयार होतो आणि कसा वाचावा

पीक सल्ला देणाऱ्या अनेक मोबाईल ॲपमध्ये शेताचा हिरवा, पिवळा, लाल असा नकाशा दिसतो. त्यांपैकी बऱ्याच नकाशांसाठी सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रे वापरली जातात. नकाशा पाहून खत किंवा फवारणीवर खर्च करण्यापूर्वी उपग्रहाला शेतातले नेमके काय दिसते, हे समजून घ्यावे.

तांत्रिक माहिती
- कार्यक्रम : युरोपीय संघाचा कोपर्निकस. छायाचित्रे सर्वांसाठी मोफत.
- प्रक्षेपण : २ए – २३ जून २०१५, २बी – ७ मार्च २०१७, २सी – ५ सप्टेंबर २०२४.
- कक्षा : ध्रुवांवरून जाणारी, उंची सुमारे ७८६ कि.मी. स्थानिक सौर वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास छायाचित्रण.
- एका वेळी टिपलेला पट्टा : २९० कि.मी. रुंद.
- पुनर्भेट : दोन उपग्रह मिळून दर ५ दिवसांनी.
- प्रकाशाचे पट्टे : १३. त्यांपैकी ४ पट्ट्यांत १० मीटर, ६ पट्ट्यांत २० मीटर आणि ३ पट्ट्यांत ६० मीटरचा चौकोन.

गुंठ्याचा हिशेब
१० मीटरचा एक चौकोन म्हणजे १०० चौ.मी., साधारण १ गुंठा. या चौकोनातील पीक, तण, माती यांची मिळून एकच नोंद होते. एका एकरात सुमारे ४० चौकोन बसतात. मात्र कडेच्या चौकोनांत बांध, झाडे आणि शेजारचे पीकही मिसळते. त्यामुळे चौरस आकाराच्या एकरातही निम्म्याहून कमी चौकोन निव्वळ आपल्या पिकाचे असतात. २० मीटर रुंदीच्या लांबट पट्टीत असे चौकोन जवळपास मिळतच नाहीत. तिथे नकाशावर विसंबू नये.

रंग कसे ठरतात?
निरोगी पान लाल प्रकाश शोषते आणि अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. अवरक्त वजा लाल, भागिले दोन्हींची बेरीज, हा वनस्पती निर्देशांक (एनडीव्हीआय). उदा. अवरक्त ०.४० व लाल ०.०५ असल्यास निर्देशांक ०.७८ येतो. उघड्या जमिनीचा निर्देशांक कमी असतो. पीक दाट झाल्यावर हा आकडा फारसा वाढत नाही. त्यामुळे भरलेल्या उसातील फरक त्यातून नीट कळत नाही.

मर्यादा
- ढगांआडचे दिसत नाही. खरिपात ऐन गरजेच्या वेळी कित्येक आठवडे स्वच्छ छायाचित्र मिळत नाही. ढगाची सावलीही पीक खराब असल्यासारखी दिसू शकते.
- कारण कळत नाही. सोयाबीनवरील पिवळा मोझॅक, चुनखडीयुक्त जमिनीतील लोहाची कमतरता आणि साचलेले पाणी, तिन्हींत निर्देशांक घटू शकतो.
- जमिनीतील नत्र, स्फुरद, पालाश थेट मोजले जात नाही. माती परीक्षणाला हा पर्याय नाही.

वापर कसा करावा?
१. प्रथम छायाचित्राची तारीख व ढग तपासावेत.
२. एकाच नकाशावर निर्णय न घेता लागोपाठच्या दोन-तीन तारखा पाहाव्यात. शेजारच्या शेताशी तुलना करताना पेरणीची तारीख व वाण सारखे असावेत.
३. घट कायम असल्यास त्या जागी जाऊन पाने, मुळे आणि ओल तपासावी. तुलनेसाठी हिरव्या भागातील झाडेही पाहावीत.
४. कारण निश्चित झाल्यावरच उपाय करावा. लाल डाग दिसला म्हणून लगेच युरिया टाकू नये.

शेतात कुठे जाऊन पाहायचे, हे नकाशा सांगतो. काय बिघडले आहे, हे मात्र प्रत्यक्ष पाहणीतूनच ठरवावे.