दुखत नाही म्हणून गाठ अंगावर काढू नका

परवा लांडेवाडीत कंपनी सुटल्यावर एका ताईंशी बोलत होते. स्तनात गाठ लागते, दोन-तीन महिने झाले. म्हणाल्या, "दुखत तर नाही, मग खाडा करून दवाखान्यात कशाला जायचं?" मंडळी, खरा घोळ इथेच आहे. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही.

भोसरीतल्या फाउंड्रीवाल्यांना हे लगेच कळेल. कास्टिंग वरून गुळगुळीत आणि आत ब्लोहोल, म्हणून तर महत्त्वाच्या जॉबचा एक्स-रे काढतात. स्तनाचा एक्स-रे काढून बघायला सुरुवात झाली १९१३ साली. बर्लिनचे सर्जन आल्बर्ट सालोमन यांनी ऑपरेशनने काढलेले सुमारे ३,००० स्तन असे तपासले. १९६० च्या दशकात मॅमोग्राफीचं खास मशीन आलं. १९६३ ला न्यूयॉर्कमध्ये मॅमोग्राफी आणि हाताने तपासणी एकत्र करून मोठा अभ्यास सुरू झाला. वेळेवर तपासलं तर जीव वाचतात, हे त्यातून दिसलं.

पण महागडं मशीन आपल्या वस्त्यांत पोचणार कधी? मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ ला हाच प्रश्न हातात घेतला. गरीब वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका. त्यातल्या साधारण निम्म्यांना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, नुसत्या हाताने तपासलं. निकाल २०२१ ला छापून आला. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेले कॅन्सर तपासलेल्या गटात ३७ टक्के, न तपासलेल्यात ४७ टक्के. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं.

म्हणजे मशीन नको असं नाही. गाठ लागली की मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि खात्रीसाठी बायोप्सी करावीच लागते. पण पहिली तपासणी मशीनसाठी अडून राहायला नको.

अजून एक. कंपनीच्या मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे निघतो, तो फुप्फुसांसाठी. तो नॉर्मल आला म्हणजे स्तनात गाठ नाही, असं होत नाही. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायकांची स्तनतपासणी धरलेली आहे. पालिकेच्या दवाखान्यात जाऊन विचारा, होत नसेल तर आपल्या नगरसेवकाला विचारा.

जॉब तपासल्याशिवाय आपण गेटबाहेर सोडत नाही. मग तो बनवणारीला तपासायला एवढा उशीर का?