कर्कपेशींचें देशांतर

लंडनचे शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनीं इ. स. १८८९ मध्यें स्तनाच्या कर्करोगानें मृत्यु पावलेल्या ७३५ रोग्यांच्या नोंदी तपासल्या. रक्त तर सर्वच अवयवांतून फिरतें. मग दुय्यम गांठ यकृतांत वारंवार आणि प्लीहेंत क्वचित् कां आढळावी? पॅजेट यांनीं उत्तर दिलें: बीज चोहोंकडे उडतें, पण अनुकूल भूमींतच रुजतें.

परंतु मूळ ठिकाण सोडण्याचें सामर्थ्य त्या बीजाला कोठून येतें? या प्रश्नाचा धागा एका कोंबडीपाशीं सांपडला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत पेटन राउस यांनीं १९११ सालीं कोंबडीच्या अर्बुदाचा, पेशी गाळून काढलेला अर्क दुसऱ्या कोंबड्यांना टोचला. त्यांनाही तोच रोग जडला. त्याचें कारण एक विषाणु होता. या शोधासाठीं राउस यांना नोबेल पारितोषिक मिळालें तें १९६६ सालीं, वयाच्या ८७ व्या वर्षीं!

पुढें त्या विषाणूंतील रोगकारक जनुक ओळखलें गेलें. त्याला ‘सार्क’ हें नांव पडलें. १९७६ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें बिशप, व्हार्मस व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, तें जनुक मुळांत कोंबडीच्याच पेशींतलें. विषाणूनें तें उचलून नेलेलें. वैरी घरांतलाच निघाला! एरवीं पेशीच्या वाढीचें नियमन करणारें असें जनुक बिघडलें, म्हणजे तें ‘ऑन्कोजीन’ होतें. ‘सार्क’ अनावर झालें कीं पेशीची शेजारणींवरील पकड सैल होते व ती सरपटूं लागते.

१९८५ सालीं ‘रास’ नांवाचें ऑन्कोजीन उंदराच्या एका जातीच्या पेशींत घातलें, तेव्हां त्या पेशी फुप्फुसापर्यंत पोहोंचून तेथें वाढल्या. दुसऱ्या जातीच्या पेशींत तेंच घातलें असतां गांठ झाली. परंतु ती पसरली नाहीं. एकच जनुक, पण फळ वेगळें!

शिवाय वाट बिकट असते. आयझाया फिडलर यांनीं १९७० मध्यें उंदरांच्या रक्तांत किरणोत्सर्गी खूण केलेल्या कर्कपेशी सोडल्या. चोवीस तासांनंतर त्यांतील हजारांत एकही जिवंत नव्हती. मात्र ज्या थोड्या तगतात, त्याच रोग्याचा घात करतात. कर्करोगाचे बहुतेक मृत्यु मूळ गांठीनें नव्हे, तर या देशांतरानें होतात. जनुक पेशीला पाय देतें, घर देत नाहीं. म्हणूनच बीजाइतकाच भूमीचाही अभ्यास वैद्यकाला करावा लागतो.