दोन दुआब, दोन पिकें

परभणी जिल्ह्याचा बराच मोठा भाग गोदावरी व पूर्णा या दोन नद्यांच्या मध्यें पसरलेला आहे. काळी कसदार जमीन, आणि ज्वारी व कापूस हीं तिचीं जुनीं पिकें. फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्येस, बोर्दो शहराजवळ, गारोन व दोर्दोन्य या नद्यांच्या मध्यें असाच एक दुआब आहे. समुद्राची भरती नद्यांतून दूरवर आंत चढते, म्हणून त्यास ‘आँत्र-द-मेर’, म्हणजे दोन समुद्रांमधला प्रदेश, असें म्हणतात. त्या दुआबाचें नांव तेथील पांढऱ्या वाइननें जगभर नेलें. भूमीचें नांव पिकावर कसें चढतें, हा प्रश्न परभणीच्या वाचकांसही परका वाटूं नये.

बोर्दोच्या वैभवाचा आरंभ एका विवाहांत आहे. इ. स. ११५२ मध्यें आक्विटेनची वारस एलिनॉर हिनें हेन्री प्लांटाजेनेट याच्याशीं लग्न केलें. ११५४ मध्यें तो इंग्लंडचा राजा झाला. तेव्हांपासून १४५३ मधील कास्तियोंच्या लढाईपर्यंत, सुमारें तीनशें वर्षें, तो मुलूख इंग्रजी सत्तेखालीं राहिला व वाइननें भरलेलीं गलबतें इंग्लंडला जात राहिलीं. मळ्यांत पिकलेल्या मालास बंदरानें गिऱ्हाईक मिळवून दिलें.

तेथील पांढरी वाइन बहुधा एका जातीच्या द्राक्षाची नसते. सेमियों जातीनें तिला भरदारपणा येतो, सोव्हिन्याँ जातीनें आंबटपणा व ताजा वास येतो, आणि थोड्या म्युस्कादेलनें फुलांचा दरवळ मिळतो. या मिश्रणाच्या मुळाशीं शेतकऱ्याचें व्यवहारज्ञान आहे. समुद्राजवळचें हवामान लहरी. एक जात दगा देते तेव्हां दुसरी तारते. मिश्र पेरा करणाऱ्या मराठवाड्यातील कुणब्यास हें सांगावयास नको. पुढें १९३७ मध्यें ‘आँत्र-द-मेर’ या नांवास कायद्याचें संरक्षण मिळालें.

मग दख्खनला द्राक्ष अपरिचित होतें काय? मुळींच नाहीं. महंमद तुघलकानें १३२७ च्या सुमारास देवगिरीस राजधानी नेऊन तिला दौलताबाद केलें. त्याच शतकांत तेथें आलेल्या इब्न बतूता या प्रवाशानें दौलताबादेस द्राक्षें व डाळिंबें वर्षांतून दोनदां येतात, असें नमूद केलें आहे. यांत अतिशयोक्ति नाहीं. थंड देशांत द्राक्षवेल हिंवाळ्यांत झोपीं जाते. दख्खनच्या उबेंत ती झोपतच नाहीं. म्हणून आजचा बागाईतदार तिला दोनदां छाटतो. एप्रिलमध्यें खरड छाटणी करून नव्या काड्या तयार करतो, ऑक्टोबरमध्यें गोडी छाटणी करून फळ धरतो. दोन पिकांची ती शक्ति आतां एकाच चांगल्या पिकाकडे वळविली जाते.

महाराष्ट्रांत आधुनिक वाइन प्रथम बहरली ती मात्र पश्चिमेकडे. १९८० नंतरच्या दशकांत शामराव चौगुले यांनीं नारायणगांवीं फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्यानें फेसाळ वाइन तयार केली. १९९७ च्या सुमारास नाशिकजवळ राजीव सामंत यांनीं सोव्हिन्याँ व शेनें या फ्रेंच पांढऱ्या जाती लाविल्या. २००१ मध्यें राज्य सरकारनें या धंद्यासाठीं स्वतंत्र धोरण जाहीर केलें.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच, परभणी सुमारें ४००. पांढऱ्या वाइनचा प्राण तिचा आंबटपणा. तो उन्हानें लवकर उडतो व थंड रात्रींनीं टिकतो. शिवाय द्राक्षवेलीच्या मुळांस पाणी तुंबलेलें सोसत नाहीं, आणि काळी माती पाणी सोडीत नाहीं. परभणीची भूमि कमी प्रतीची नव्हे. तिचा धर्म निराळा आहे.

त्या धर्मास अनुसरून चालल्यानें परभणीचेंही नांव झालें आहे. १९७२ मध्यें येथें मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें. शिरा पिवळ्या करणाऱ्या रोगास दाद न देणारी भेंडीची जात त्यानें तयार केली. ती ‘परभणी क्रांति’. रबी ज्वारीची ‘परभणी मोती’ ही जातही त्याचीच. फ्रान्सच्या दुआबाचें नांव बाटलीवर गेलें, मराठवाड्याच्या दुआबाचें बियाण्याच्या पिशवीवर गेलें. भूमीस ओळखून केलेल्या कष्टाचीच हीं दोन फळें आहेत.