राइस मिलची यंत्रसामग्री : नवी व वापरलेली (नागझिरा परिसर)

धानाचे तूस काढून व कोंडा घासून तांदूळ करणाऱ्या गिरणीसाठी कोरी यंत्रे घ्यावीत की दुसऱ्या गिरणीतून उतरवलेली, हा गोंदिया जिल्ह्यातील गिरणीमालकाला वारंवार करावा लागणारा हिशेब आहे. नागझिरा हे 1970 साली घोषित झालेले अभयारण्य असून 2013 पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात मोडते. त्याच्या भोवतालच्या तिरोडा, गोरेगाव, सडक-अर्जुनी व साकोली या तालुक्यांत तलावांच्या पाण्यावर धान पिकते (कोकणातला ‘भात’ इकडे ‘धान’ असतो, आणि भात म्हणजे फक्त शिजलेला). हे धान भरडणाऱ्या गिरण्यांमुळे गोंदिया हे तांदळाचे शहर म्हणून ओळखले जाते.

धानाच्या वजनात सुमारे 20 टक्के तूस व 8 ते 12 टक्के कोंडा असल्याने तांदळाचा उतारा, म्हणजे एक क्विंटल धानातून मिळणारा तांदूळ, फार तर 68 ते 72 किलो असतो. आधारभूत किमतीने खरेदी केलेल्या सरकारी धानाच्या भरडाईत गिरणीने क्विंटलमागे कच्चा तांदूळ 67 किलो किंवा उसना, म्हणजे उकडा, 68 किलो परत द्यावयाचा असतो, आणि कच्च्या तांदळात तुकड्याला, म्हणजे कणीला, 25 टक्क्यांपर्यंतच मुभा असते. म्हणून यंत्राची खरी किंमत पावतीवर नसून उताऱ्यात असते : दिवसाला 200 क्विंटल धान भरडणाऱ्या गिरणीत उतारा क्विंटलमागे एका किलोने घटला, तर रोज दोन क्विंटल आणि 150 दिवसांच्या हंगामात 300 क्विंटल तांदूळ हातचा जातो, आणि स्वस्तात आणलेल्या यंत्राची बचत त्यात कधी विरली ते कळतही नाही.

मात्र सर्व यंत्रांना एकच न्याय लावणे चूक ठरेल. जुना हलर, ज्यात तूस काढणे व घासणे एकाच लोखंडी नळकांड्यात होते आणि तूस, कोंडा व कणी एकत्र बाहेर पडतात, तो फुकट मिळाला तरी व्यापारी गिरणीला महागच पडतो. याउलट रबर-रोल शेलर, म्हणजे वेगवेगळ्या गतीने उलट दिशांना फिरणाऱ्या दोन रबरी रुळांमधून धान नेऊन तूस सोलणारे यंत्र, वापरलेले घेण्यास हरकत नसते, कारण झिजणारा रूळ मुळात वरचेवर बदलावाच लागतो. तपासायचे ते शाफ्टचे सरळपण, बेअरिंगची ऊब आणि सांगाड्याला पडलेल्या भेगा. एलिव्हेटर, चाळण्या व धान साठवण्याच्या टाक्या यांबाबतही हेच लागू पडते. पॉलिशरमध्ये, म्हणजे कोंडा घासून काढणाऱ्या यंत्रात, एमरीचा दगड व जाळी नवी बसवण्याचा खर्च किमतीत धरावा लागतो. सॉर्टेक्स, अर्थात कॅमेऱ्याने काळा-पिवळा दाणा ओळखून हवेच्या झोताने उडवणारे यंत्र, मात्र नवेच घेणे शहाणपणाचे, कारण त्यातील कॅमेरे व झडपा कधी बंद पडतील ते वरून दिसत नाही, सुटे भाग मिळतीलच असे नाही, आणि हंगामात ते थांबले की उतरवलेला माल तसाच पडून राहतो.

प्राप्तिकरात यंत्रसामग्रीवर साधारणतः वर्षाला 15 टक्के घसारा मिळतो, तर 20 टक्के अतिरिक्त घसाऱ्याची सवलत अटींच्या अधीन राहून केवळ कोऱ्या यंत्राला आहे. त्यामुळे दोन किमतींतील दिसणारे अंतर करपात्र नफा असलेल्या गिरणीसाठी काहीसे कमी होते.

जुने यंत्र रिकामे फिरवून दाखवले तर त्यावरून काहीच ठरत नाही. ते निदान तासभर पूर्ण भाराने, शक्यतो उन्हाळी धानावर चालवून पाहावे. कडक उन्हात तयार झालेला हा दाणा आतून तडकलेला असतो, आणि यंत्रात दोष असल्यास कणीचे प्रमाण त्यातच आधी वाढते.