दुसरे महायुद्ध आणि संवादाचा मध्यममार्ग : अणे व जयकर

दोंडाईचा परिसराच्या स्मृतीत दुसरे महायुद्ध म्हणजे प्रामुख्याने 'चले जाव' लढा होय. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला बालवीर शिरीषकुमार पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाला. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. या तेजस्वी घटनांपुढे संवादाचा आग्रह धरणारे तत्कालीन मराठी नेतृत्व काहीसे झाकोळले गेले.

सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय नेत्यांना न विचारता भारताला युद्धात ओढले. निषेधार्थ काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. या कोंडीत बॅ. मु. रा. जयकर यांनी तेजबहादुर सप्रू यांच्यासमवेत १९४१ च्या पक्षातीत परिषदेतून समझोत्याचा प्रयत्न केला. त्याच वर्षी लोकनायक बापूजी अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. मात्र फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींचे आगाखान पॅलेसमधील उपोषण सुरू असतानाही सरकारने त्यांची बिनशर्त सुटका नाकारली, तेव्हा अणे, होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांनी राजीनामे दिले.

अणे यांचे सहकार्य ही शरणागती नव्हती, हे या राजीनाम्यावरून स्पष्ट होते. सत्ता सोडण्याची तयारी नसलेल्या शासनाशी संवाद किती काळ चालणार, हा खरा प्रश्न होता. चिमठाण्याचा मार्ग तरुणांना जवळचा का वाटला, याचे एक उत्तर संवादाच्या या अपयशात सापडते. म्हणून हे दोन्ही प्रवाह परस्परविरोधी न मानता एकत्रितपणे अभ्यासणे आवश्यक ठरते.